अलास्काची क्रूझ, बाबांचा स्टेंट आणि विमा घेण्याची तारीख

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत राहणारे नवरा-बायको आणि त्यांची लहान मुलगी ऑगस्टमध्ये सिअॅटलहून सात रात्रींच्या अलास्का क्रूझला जाणार आहेत. पुण्याहून आई-बाबा मे महिन्यात येणार, क्रूझला तेही बरोबर. बाबा ६९ वर्षांचे, तीन वर्षांपूर्वी स्टेंट घातलेला, शुगरच्या गोळ्या चालू. आईला बीपी. दोन केबिनचं डिपॉझिट नऊ दिवसांपूर्वी, म्हणजे जानेवारीतच भरून झालं. क्रूझ बुक करून देणारा एजंट म्हणतो, विम्याचं नंतर, क्रूझचे उरलेले पैसे भरताना, म्हणजे फायनल पेमेंटच्या वेळी बघू. बाबा म्हणतात, पुण्याहून निघायच्या आठवड्यात ओळखीच्या माणसाकडून घेऊच की. ऑफिसमधला मित्र म्हणतो, आजच घे. ऐकायचं कोणाचं?

मित्राचं ऐका. मात्र बाबांचंही निम्मं बरोबर आहे. तुम्हाला विमे दोन लागणार आहेत, एक क्रूझच्या सहलीचा आणि दुसरा आई-बाबांच्या मुक्कामाचा वैद्यकीय, आणि ते घेण्याचे दिवस वेगवेगळे आहेत. एवढी फोड झाली की बाकीचं सोपं आहे.

मी पुण्यात प्रवास विम्याचं आणि त्याच्या क्लेमचं काम करते. माझ्याकडे येणारे बरेचसे लोक तुमच्या आई-बाबांसारखेच: वय साठीच्या पुढे, मुलं अमेरिकेत, वर्षा-दोन वर्षांनी एक लांब मुक्काम. त्यांचे क्लेम अडतात तेव्हा लोक विचारतात, कंपनी चुकीची निवडली का? बहुतेक वेळा कंपनी ठीक असते. विमा उशिरा घेतलेला असतो.

पॉलिसीचा कागद एक दिसला तरी त्यात दोन निराळी कामं असतात. पहिलं काम निघण्याआधीचं. घरात कोणी आजारी पडलं, अपघात झाला, जाणं रद्द करावं लागलं तर भरलेले पैसे परत मिळवून द्यायचे. दुसरं काम निघाल्यानंतरचं: दवाखाना, औषधं, गरज पडल्यास पेशंटला विमानाने दुसरीकडे हलवणं, हरवलेल्या बॅगा. अमेरिकेत मिळणाऱ्या सहलीच्या पॉलिसीत पहिलं काम साधारणपणे प्रीमियम भरल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होतं आणि दुसरं निघाल्याच्या दिवसापासून. प्रीमियम ठरतो सहलीचा खर्च, प्रवाशांची वयं आणि दिवस यांवर. किती आधी घेतला यावर तो सहसा ठरत नाही. ढोबळमानाने तो सहलीच्या खर्चाच्या ४ ते १० टक्के येतो. बाबांच्या वयामुळे तुमचा आकडा वरच्या टोकाकडे जाईल. आज घेतला काय किंवा जुलैत घेतला काय, रक्कम जवळपास तीच. जुलैत घेणारा माणूस तेवढेच पैसे मोजून सहा महिन्यांचं संरक्षण सोडून देतो, एवढाच फरक.

आता एजंट तसं का म्हणतो तेही बघू, कारण त्याच्या म्हणण्यात खोट नाही. क्रूझ कंपन्यांचा पैसे कापण्याचा एक तक्ता असतो. सात रात्रींच्या सफरीला तो बऱ्याचदा असा: ९० दिवस आधी रद्द केलं तर डिपॉझिटसह सगळं परत. त्यानंतर २५ टक्के कापतात, अडीच महिन्यांच्या आत आलात की ५०, दोन महिन्यांच्या आत ७५, आणि शेवटच्या ३० दिवसांत काहीच परत नाही. टप्पे कंपनीगणिक थोडे इकडेतिकडे होतात, म्हणून बुकिंगच्या ईमेलमधला तुमचा तक्ता काढून समोर ठेवा. त्यातच बघा की तुमचं डिपॉझिट परत मिळणारं आहे की स्वस्त भाड्याच्या बदल्यात न मिळणारं. बंदराचे कर आणि फी मात्र जहाजावर चढलाच नाहीत तर सहसा परत येतात, त्यामुळे विम्याची रक्कम काढताना ते वगळले तरी चालतात. एजंटचा हिशोब इतकाच आहे की मेच्या मध्यापर्यंत तुमचे पैसे फारसे अडकलेले नाहीत, मग विमा आत्ता कशाला? तिशीतलं धडधाकट जोडपं असेल, परत मिळणारं डिपॉझिट असेल, दोघांच्याही घरी कोणी आजारी नसेल, तर मीही त्यांना हेच सांगेन: फायनल पेमेंटच्या आदल्या दिवशी घ्या.

तुमच्या घरात स्टेंट, शुगर आणि बीपी आहे. म्हणून तुम्हाला तो सल्ला लागू नाही.

अमेरिकी पॉलिसीत आधीपासून असलेले आजार मुळात वगळलेले असतात. कोणता आजार "आधीपासूनचा" हे ठरवायला कंपनी तुम्ही विमा घेतलात त्या दिवसापासून मागे मोजते, योजनेप्रमाणे ६० ते १८० दिवस. त्याला लुक-बॅक पीरियड म्हणतात. त्या काळात त्या आजारासाठी डॉक्टरकडे जाणं झालं, तपासणी झाली, औषध नवीन लागलं किंवा डोस बदलला, तर तो आजार वगळला गेला. औषध चालू आहे पण डोस स्थिर आहे, नवीन तक्रार नाही, असं असेल तर बहुतेक योजनांत तो आडवा येत नाही. ही अट मऊ वाटते, पण डोस बदलणं ही आपल्याकडे इतकी सहज होणारी गोष्ट आहे की घरातल्या कोणाच्या ती लक्षातही राहत नाही.

नाशिकच्या एका काकूंचं प्रकरण सांगते. मुलगी टेक्सासमध्ये, तिच्याबरोबर कॅरिबियन क्रूझ ठरली होती. विमा फायनल पेमेंट झाल्यावर घेतला. निघायला तीन आठवडे उरले असताना काकूंचं बीपी एकदम चढलं, दोन दिवस दवाखान्यात काढावे लागले आणि डॉक्टरांनी प्रवासाला नाही म्हटलं. क्लेमला जुने केसपेपर जोडायचे असतात, ते जोडले. त्यात विमा घेण्याच्या काही आठवडे आधीच्या तारखेची एक ओळ होती: बीपीची गोळी ५ मिलिग्रॅमवरून १० मिलिग्रॅम. फॅमिली डॉक्टरने नेहमीच्या भेटीत केलेला बदल. काकूंच्या लेखी ती बातमीच नव्हती. विमा कंपनीने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि क्लेम नाकारला. पॉलिसीतले शब्द कंपनीच्या बाजूने होते, भांडायला जागाच नव्हती. डिपॉझिट भरल्यावर दोन आठवड्यांत तीच पॉलिसी घेतली असती तर त्या ओळीमुळे क्लेम अडला नसता.

का, तर आधीच्या आजारांची ही अट पूर्ण काढून टाकण्याची सोय याच पॉलिसींमध्ये असते, आणि ती विमा लवकर घेणाऱ्याला मिळते. सहलीचा पहिला पैसा भरल्यापासून १४ किंवा २१ दिवसांत (काही योजनांत थोडे कमी-जास्त) पॉलिसी घेतली तर कंपनी लुक-बॅकचा मुद्दा सोडून देते. याला वेव्हर म्हणतात. त्यासाठी सहसा वेगळा प्रीमियम नसतो. फायनल पेमेंटपर्यंत ही सोय देणाऱ्या योजनाही आहेत, पण मोजक्या. आणि ही मुदत पहिल्या पैशापासून मोजतात, मग तो परत मिळणारा असो वा नसो. तुमचे नऊ दिवस गेलेत. १४ दिवसांच्या योजनेसाठी पाच उरले, २१ च्या योजनेसाठी बारा. एजंटचं ऐकून मेपर्यंत थांबलात तर पैसे बुडणार नाहीत हे खरं, पण वेव्हरची मुदत टळून गेलेली असेल आणि मग बाबांचे केसपेपर ओळ न् ओळ वाचले जातील.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. आधीच्या आजाराची अट बऱ्याच योजनांत फक्त प्रवास करणाऱ्यांपुरती नसते. पुण्यात राहिलेल्या तुमच्या सासूबाईंना डायलिसिस चालू असेल आणि त्यांची तब्येत बिघडली म्हणून तुम्ही क्रूझ रद्द केलीत, तर कंपनी सासूबाईंच्याही आजाराची तारीख विचारू शकते. आपल्याकडे दोन्हीकडच्या आई-वडिलांसाठी माणूस सगळं सोडून विमानात बसतो. म्हणून पॉलिसी घेताना प्रवाशांच्या यादीबरोबर घरी राहणाऱ्यांची यादीही डोळ्यांपुढे ठेवा.

वेव्हरला दोन अटी असतात. विमा घेण्याच्या दिवशी प्रवासी प्रवासाला फिट असला पाहिजे. बाबांची अँजिओग्राफी ठरलेली असेल किंवा कार्डिऑलॉजिस्टने "सध्या लांबचा प्रवास नको" असं म्हटलं असेल तर त्या दिवशी घेतलेल्या पॉलिसीचा वेव्हर टिकत नाही. दुसरी अट म्हणजे परत न मिळणारा सगळा खर्च विम्यात धरलेला असला पाहिजे. इथे लोक फसतात. जानेवारीत फक्त केबिनचे पैसे धरून पॉलिसी घेतात, मग मार्चमध्ये नेवार्क ते सिअॅटल तिकिटं काढतात, एप्रिलमध्ये अलास्कातल्या जुनोच्या हिमनदीवर हेलिकॉप्टरने उतरण्याची सहल बुक करतात, आणि ते विम्यात वाढवायचं राहून जातं. असा प्रत्येक नवा खर्च भरल्यावर ठरलेल्या दिवसांत, बहुधा त्याच १४ किंवा २१ दिवसांत, कंपनीला कळवून रक्कम वाढवून घ्यावी लागते. वाढीव प्रीमियम किरकोळ असतो. कॅलेंडरमध्ये आठवण लावून ठेवा.

एवढ्या घाईत पॉलिसी वाचणार कधी, ही शंका रास्त आहे. अमेरिकेत बहुतेक राज्यांत पॉलिसी घेतल्यावर १० ते १५ दिवस ती परत करून पूर्ण प्रीमियम घेता येतो, फक्त प्रवास सुरू झालेला नसावा आणि क्लेम केलेला नसावा. म्हणून मुदतीच्या आत घ्या आणि पुढचा आठवडा शांतपणे वाचा. पटली नाही तर परत करा. वेव्हरचे दिवस उलटून गेल्यावर मात्र दुसरी योजना शोधायला जागा राहत नाही, त्यामुळे वाचन त्याच आठवड्यात उरका.

पॉलिसीवर नावं कोणाची घालायची हाही तुमच्या बाबतीत खरा प्रश्न आहे. बऱ्याच अमेरिकी सहल-पॉलिसी तिथे राहणाऱ्यांनाच मिळतात. नागरिकत्व लागत नाही, पण पत्ता लागतो. तुम्ही तिघं बसता. आई-बाबांचं राहण्याचं ठिकाण पुणे आहे, आणि फॉर्मवर न्यू जर्सीचा पत्ता टाकून त्यांना बसवणं हा क्लेम बुडवण्याचा राजमार्ग आहे. बाहेरच्या देशात राहणाऱ्यांना घेणाऱ्या योजना आहेत; विकणाऱ्याला फोन करून "दोन प्रवासी भारताचे रहिवासी आहेत" असं स्पष्ट सांगा आणि उत्तर ईमेलवर मागा. पाचही जण एका योजनेत आले तर उत्तम. नाही आले तरी तुमची तिघांची पॉलिसी वेव्हरसकट लगेच घ्या, कारण बाबा आजारी पडले तर सहल तुमचीही रद्द होणार, आणि तुमच्या केबिनचे पैसे त्या वेव्हरवरच सुटणार आहेत.

आता व्हिसा. हा विषय विम्याबाहेरचा वाटेल, पण तारखेचा त्याच्याशी थेट संबंध आहे. सिअॅटलहून निघून सिअॅटललाच परतणारी अलास्काची बहुतेक जहाजं कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात, बऱ्याचदा शेवटच्या संध्याकाळी. त्यामागे १८८६ सालचा एक अमेरिकी कायदा आहे: परदेशी झेंड्याच्या जहाजाला फक्त अमेरिकी बंदरं घेत अशी प्रवासी फेरी करता येत नाही, मध्ये एक परदेशी बंदर घ्यावंच लागतं. मोठी क्रूझ जहाजं जवळजवळ सगळी परदेशी झेंड्याची. म्हणजे भारतीय पासपोर्टवर असलेल्या प्रत्येकाला कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा हवा, व्हिक्टोरियाला जहाजातून पाय खाली ठेवायचा नसला तरी. ग्रीन कार्ड असेल तर व्हिसा लागत नाही. एच-वन-बीवर असाल तर लागतो. तो नसेल तर सिअॅटलच्या धक्क्यावर चढूच देत नाहीत.

आणि व्हिसा नाकारला जाणं किंवा वेळेत न येणं हे साध्या पॉलिसीत रद्द करण्याचं मान्य कारण नसतं. त्यावर उपाय म्हणजे "कोणत्याही कारणाने रद्द" ही जोड. तीही पहिल्या पैशापासूनच्या त्याच १४-२१ दिवसांतच मिळते, प्रीमियम साधारण ४० ते ५० टक्क्यांनी वाढवते, बुडालेल्या रकमेच्या ५० ते ७५ टक्के परत देते, आणि निघण्याच्या किमान ४८ तास आधी रद्द करावं लागतं. माझं मत विचाराल तर तुमचं डिपॉझिट परत मिळणारं असल्यास ही जोड घेऊ नका. त्याऐवजी कॅनडाच्या व्हिसाचे अर्ज याच महिन्यात टाका. नकार मेच्या मध्याआधी आला तर फार तर क्रूझ फुकटात रद्द होईल. डिपॉझिट न मिळणारं असेल, किंवा नोकरीत अस्थिरता असेल आणि सहल होईल की नाही याचीच खात्री नसेल, तर जोड घेण्यात अर्थ आहे. नोकरी जाणं काही योजनांत मान्य कारण असतं, पण त्याच कंपनीत ठरावीक काळ, बहुधा एक वर्ष किंवा अधिक, काम झालेलं असावं लागतं.

उशिराचा दुसरा धोका बाहेरच्या घटनांचा. विमा अनपेक्षित गोष्टींचा असतो. गोष्ट जाहीर झाली की नंतर घेतलेल्या पॉलिसीत ती धरत नाहीत. २०२४ मध्ये बेरिल वादळाला जूनच्या अखेरीस नाव मिळालं, १ जुलैला ते ग्रेनेडाच्या कॅरिआकू बेटावर आदळलं, कॅरिबियनमधल्या जहाजांना मार्ग बदलावे लागले. नाव पडल्यानंतर विमा घेणाऱ्यांना त्या वादळापुरता उपयोग नव्हता, मग त्यांची सफर दोन दिवसांवर असो की दहा. कोविडच्या वेळी जानेवारी २०२० च्या अखेरीस हेच झालं: अनेक विमा कंपन्यांनी त्या तारखेनंतरच्या पॉलिसींना तो ज्ञात धोका ठरवला. तहान लागल्यावर विहीर खणणं इथे शब्दशः लागू पडतं. अलास्कात कॅरिबियनसारखी चक्रीवादळं नाहीत, पण संप, विमानसेवा कोलमडणं, जहाज नादुरुस्त होणं या गोष्टींना तोच नियम आहे.

एक गैरसमज इथेच काढून टाकते. जहाजाने एखादं बंदर गाळलं किंवा मार्ग बदलला तर कोणत्याही दिवशी घेतलेला विमा फारसं काही देत नाही. तिकिटाच्या करारात तो अधिकार जहाजाचा असतो. १० ऑगस्ट २०२५ रोजी अलास्कातल्या ट्रेसी आर्म या अरुंद खाडीत डोंगरकडा कोसळून प्रचंड लाट उसळली, आणि त्यानंतर काही जहाजांनी ती खाडी वगळून दुसरी घेतली. त्याचा परतावा मागता येत नाही. काही योजना गाळलेल्या बंदरामागे ठरावीक छोटी रक्कम देतात, तेवढीच.

आता बाबांचं निम्मं बरोबर. आई-बाबांना सहलीच्या विम्याशिवाय त्यांच्या सगळ्या मुक्कामाचा वैद्यकीय विमा लागणार, मे ते परतीपर्यंत. पुण्यातला मेडिक्लेम सहसा परदेशात चालत नाही. हा विमा भारतातून घेतला तर वैद्यकीय संरक्षण भारत सोडल्यापासून सुरू होतं, म्हणून तो वेव्हरच्या घड्याळाला बांधलेला नाही. तरी "निघायच्या आठवड्यात" हे मला मान्य नाही. विमानाची तिकिटं काढली की त्याच आठवड्यात घ्या. या पॉलिसीतलं प्रवास रद्द होण्याचं संरक्षण पॉलिसी हातात आली की लागू होतं. ते लहान असतं, बऱ्याचदा पाचशे ते दोन हजार डॉलरपर्यंत, आणि आधीचे आजार त्यात धरत नाहीत, पण तेवढ्यात एका माणसाचं विमानाचं तिकीट येऊ शकतं. शिवाय बाबा ६९ चे आहेत. पॉलिसी सुरू होण्याआधी सत्तरी लागत असेल तर प्रीमियमचा गट बदलतो आणि काही कंपन्या तपासण्या मागतात, त्यांना वेळ लागतो. तारखा बदलतील म्हणून थांबण्याची गरज नाही: पॉलिसी सुरू होण्याआधी ईमेल करून तारीख बदलून मिळते, आणि जाणंच झालं नाही तर पासपोर्टच्या पानांच्या प्रती देऊन थोडी रक्कम कापून प्रीमियम परत मिळतो. अमेरिकेत पोहोचल्यावर मात्र भारतातली कंपनी नवीन पॉलिसी सहसा देत नाही.

घेताना भूगोल "अमेरिका-कॅनडासह" असा हवा. स्वस्त पर्यायात हे दोन देश वगळलेले असतात आणि फॉर्म भरणारा घाईत तोच निवडतो. दिवस मोजा, एका पॉलिसीला बहुधा १८० दिवसांची मर्यादा असते. साठीच्या पुढच्यांसाठी आजारानुसार उपमर्यादा आहेत का ते पाहा. एक लाख डॉलरची पॉलिसी म्हणून घेतलेली असते आणि आत हृदयविकारासाठी दहा-पंधरा हजारांची रेघ मारलेली असते. स्टेंट आणि शुगर फॉर्मवर लिहाच. लिहिल्यावर मिळणारं संरक्षण बहुतेक "जिवावर बेतलेली तातडी" एवढ्यापुरतंच असतं, पण न लिहिता मिळणारं संरक्षण शून्य असतं. अमेरिकेत मिळणारा व्हिजिटर इन्शुरन्स हा दुसरा पर्याय. त्यात जुन्या आजाराचा अचानक झटका काही योजनांत धरतात, मात्र सत्तरीनंतर ती सोय आक्रसते, आणि क्रूझवर, म्हणजे अमेरिकेच्या हद्दीबाहेरच्या पाण्यात, तो चालतो का हे लेखी विचारून घ्यावं लागतं.

क्रूझच्या सात दिवसांसाठी मी सगळ्यात जास्त लक्ष पेशंटला हलवण्याच्या रकमेवर देते. जहाजावर डॉक्टर, नर्स, ईसीजी, प्राथमिक औषधं असतात. स्टेंटच्या पेशंटला छातीत दुखलं तर डॉक्टर स्थिर करतात आणि पुढच्या बंदरावर उतरवतात. ते बंदर जुनो असलं तर तिथे रुग्णालय आहे, पण गुंतागुंतीच्या हृदयविकाराला अँकरेज किंवा सिअॅटलला विमानानेच न्यावं लागतं, कारण जुनो ही राज्याची राजधानी असूनही तिथून बाहेर जाणारा रस्ता नाही. चारी बाजूंनी पाणी, डोंगर आणि बर्फ. स्कॅगवेला रस्ता आहे, पण तिथे आहे एक छोटा दवाखाना. ग्लेशिअर बे या खाडीत तर दिवसभर गावच लागत नाही. जहाजावरून तटरक्षक दलाने उचललं तर ते बिल लावत नाहीत. त्यापुढची खासगी हवाई रुग्णवाहिका पन्नास हजार डॉलरच्या वर सहज जाते. म्हणून हलवण्यासाठी माणशी अडीच लाख डॉलर आणि वैद्यकीय खर्चासाठी किमान एक लाख, असं मी क्रूझला सांगते. हलवण्याआधी विमा कंपनीच्या मदत-क्रमांकावर फोन जायलाच हवा. त्यांच्या परवानगीशिवाय ठरवलेल्या विमानाचे पैसे अडतात. जहाजावरच्या दवाखान्याचं बिल तुमच्या केबिनच्या खात्यावर पडतं आणि आधी खिशातूनच भरावं लागतं. उतरण्यापूर्वी तपशीलवार बिल आणि डॉक्टरांचा रिपोर्ट मागून घ्या, नंतर तो मिळवायला आठवडे जातात.

क्रूझ कंपनीचा स्वतःचा विमाही बुकिंगच्या वेळी पुढे केला जातो. तो फायनल पेमेंटपर्यंत घेता येतो आणि वयाने महाग होत नाही, ही त्याची जमेची बाजू. वैद्यकीय रकमा लहान असतात, त्यांच्याकडून न घेतलेली विमानाची तिकिटं त्यात येत नाहीत, आणि मनाने रद्द केलं तर परतावा बहुधा पुढच्या सफरीच्या क्रेडिटच्या रूपात. ६९ वर्षांच्या स्टेंटच्या पेशंटला मी तो एकटा कधीच पुरेसा मानणार नाही.

अलास्का सोडून दुसरीकडे जाणाऱ्यांना ही तारीख वेगळी पडते, म्हणून दोन शब्द. बार्सिलोना किंवा रोमहून भूमध्य समुद्राची क्रूझ असेल तर शेंगेन व्हिसाच्या अर्जालाच किमान ३०,००० युरोची पॉलिसी जोडावी लागते, त्यामुळे ती व्हिसाच्या वेळी घेतलीच जाते. फक्त रक्कम व्हिसापुरती न ठेवता क्रूझला शोभेल अशी घ्या. सिंगापूरहून तीन-चार रात्रींची क्रूझ असेल तर विमानाच्या तिकिटांबरोबर घ्या. मुंबई-गोवा-लक्षद्वीपला परदेश प्रवासाची पॉलिसी लागत नाही. उतरून दाखल व्हावं लागलं तर तुमचा मेडिक्लेम आहे.

तुमच्याकडे परत येते. जहाज सिअॅटलहून निघतं त्याच्या आदल्या दिवशी तिथे पोहोचा. विमान चुकल्याचा विमा हॉटेल आणि नवं तिकीट देतो, पण जहाज पुढच्या बंदरावर गाठता येईल असं समजू नका. तोच १८८६ चा कायदा आडवा येतो: अलास्कातल्या केचिकनला चढून सिअॅटलला उतरणं हा दोन अमेरिकी बंदरांमधला प्रवास ठरतो आणि मध्ये व्हिक्टोरिया असली तरी ती पुरेशी लांब मानली जात नाही. म्हणून सहसा चढू देत नाहीत.

आणि रद्द करायची वेळ आलीच, तर क्रम लक्षात ठेवा. आधी डॉक्टरांनी पेशंटला तपासून "प्रवास करू नये" असं तारखेसह लेखी द्यायला हवं, मग क्रूझ रद्द करायची, आणि त्याच दिवशी विमा कंपनीला कळवायचं. "आठवडाभर बघू, बरं वाटेल" म्हणून थांबलात आणि तेवढ्यात कपात ५० टक्क्यांवरून ७५ वर गेली, तर अनेक योजना डॉक्टरांनी नाही म्हटल्याच्या दिवशीची कपातच देतात. मधल्या आठवड्याचा फरक तुमच्या खिशातून जातो.